पाळी गेल्यानंतर योनिमुखाजवळ येणारी गाठ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाळी बंद होऊन दहा-पंधरा वर्षे झालेल्या स्त्रीच्या हाताला आंघोळ करताना योनिमुखाच्या बाजूला एखादी गाठ लागते, तेव्हा तिच्या मनात आधी कर्करोग येतो आणि त्यापाठोपाठ ही गोष्ट सांगायची कोणाला, हा प्रश्न येतो. अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. मात्र तरुण वयातल्या गाठीबाबत दिला जाणारा ‘त्रास नसेल तर राहू द्या’ हा सल्ला या वयात जसाच्या तसा चालत नाही. हा फरक स्पष्ट व्हावा म्हणून ही उत्तरे लिहिली आहेत. त्यांतील बरेचसे विवेचन बार्थोलिन ग्रंथींविषयी आहे, कारण या जागी गाठ आली की पहिला विचार त्यांचाच करावा लागतो.

बार्थोलिन ग्रंथी नेमकी कुठे असते आणि तिचे काम काय?

या ग्रंथी दोन असतात, योनिमुखाच्या खालच्या भागात डावीकडे एक आणि उजवीकडे एक. योनिमुख ही घड्याळाची तबकडी मानली तर ४ आणि ८ या आकड्यांच्या जागी त्या येतात. प्रत्येक ग्रंथी साधारण वाटाण्याएवढी, म्हणजे सुमारे अर्धा सेंटिमीटर असते आणि निरोगी असताना ती हाताला लागत नाही. तिच्यातील चिकट स्राव दोन-अडीच सेंटिमीटर लांबीच्या बारीक नलिकेतून योनिमुखाशी येतो आणि तो भाग ओलसर ठेवण्यास मदत करतो. डेन्मार्कचे शरीररचनाशास्त्रज्ञ कास्पर बार्थोलिन यांनी १६७७ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले. मराठीत तिला घरगुती नाव नाही. ‘खाली काहीतरी आलंय’ एवढेच बायका सांगू शकतात, याचे हेही एक कारण असावे असे मला वाटते. ज्याला नाव नाही त्याविषयी बोलणे अवघड जाते.

पाळी गेल्यावर ही ग्रंथी आक्रसते असे ऐकले आहे. मग ती मोठी कशी होते?

ग्रंथी वयात येताना कामाला लागते आणि पाळी गेल्यानंतर हळूहळू आक्रसते, हे खरे आहे. म्हणूनच या गाठी विशी-तिशीत अधिक दिसतात आणि उतारवयात कमी. तरीही त्या येतात, आणि त्याचे मुख्यतः तीन प्रकार आहेत.

पहिल्या आणि सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात ग्रंथी स्वतः वाढलेली नसते. नलिकेचे तोंड बुजते, आतला स्राव साचत जातो आणि द्रवाने भरलेली पिशवी तयार होते. तिला डॉक्टर ‘सिस्ट’ म्हणतात. तोंड बुजण्यामागे जुनी सूज, जुनी इजा किंवा बाळंतपणातील टाक्यांचा व्रण असू शकतो, पण पुष्कळदा निश्चित कारण सापडत नाही. दुसऱ्या प्रकारात तिथे जंतुसंसर्ग होऊन पू धरतो आणि गळू होते. साधी सिस्ट वर्षानुवर्षे न दुखता राहू शकते. गळू मात्र दोन-चार दिवसांत वाढते, लाल होते, ठणकते आणि चालणे-बसणे मुश्कील करते. तिसऱ्या प्रकारात ग्रंथीच्या ऊतींचीच साधी, निरुपद्रवी वाढ होते. तपासणीच्या अहवालात तिला ‘नोड्युलर हायपरप्लासिया’ किंवा क्वचित ‘अ‍ॅडेनोमा’ असे म्हटलेले असते. हा प्रकार विरळ आहे, पण महत्त्वाचा आहे, कारण ही गाठ पाण्याच्या फुग्यासारखी न लागता भरीव लागते आणि नुसत्या हाताने ती कर्करोगाच्या गाठीपासून वेगळी ओळखता येत नाही.

हा गुप्तरोग आहे का? घरात माझ्याविषयी गैरसमज होईल अशी भीती वाटते.

नाही. नलिका बुजून झालेल्या सिस्टचा गुप्तरोगाशी संबंध असलाच पाहिजे असे नाही. गळू झाले तरी त्यात बहुधा आतड्यात एरवीच राहणारे ई-कोलायसारखे जंतू सापडतात. काही स्त्रियांमध्ये गनोरिया किंवा क्लॅमिडिया या संसर्गांचा वाटा असतो, म्हणून डॉक्टर कधी कधी त्यांचीही तपासणी सुचवतात. ती नेहमीची वैद्यकीय रीत आहे; त्यात कोणाच्या चारित्र्याविषयी काही म्हणायचे नसते. ज्यांचे लग्न झालेले नाही किंवा पतीच्या निधनाला वीस वर्षे झाली आहेत, अशा स्त्रियांनाही ही गाठ येते.

गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता खरोखर किती असते?

बार्थोलिन ग्रंथीचा कर्करोग अत्यंत विरळ आहे. बाह्य जननांगांचे कर्करोग मुळातच कमी, आणि त्यांतही या ग्रंथीचे प्रमाण सुमारे ५ टक्के मानले जाते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण दर वर्षी एक लाख स्त्रियांमागे ०.११४, म्हणजे दहा लाखांत एकीहून किंचित जास्त, असे काढले होते. हा आकडा दिलासा देणारा आहे, पण तो नीट वाचायला हवा. तो पाळी गेलेल्या सगळ्या स्त्रियांमधला आहे, जिला गाठ आलेली आहे अशा स्त्रियांमधला नव्हे. वय वाढते तशा साध्या सिस्ट कमी होत जातात आणि हा कर्करोग मात्र साठीच्या आसपासच अधिक आढळतो. त्यामुळे पंचविशीतल्या मुलीला आलेली गाठ आणि बासष्टाव्या वर्षी नव्याने आलेली गाठ या दिसायला सारख्या असल्या तरी वैद्यकीयदृष्ट्या सारख्या नसतात. चाळिशीनंतर नव्याने आलेल्या गाठीचा तुकडा तपासावा, असा सल्ला स्त्रीरोगतज्ज्ञ देतात तो यामुळेच.

काही लक्षणे दिसली तर पुढच्या आठवड्याची वाटही पाहू नये. गाठ भरीव व टणक आहे, आतल्या भागाला चिकटल्यासारखी हलत नाही, काही आठवड्यांत भराभर वाढते आहे, तिच्यावरची कातडी फुटून जखम झाली आहे, तिच्यातून रक्त येते आहे किंवा जांघेत अवधाण आले आहे, अशा वेळी लगेच दाखवावे. गळू समजून औषधे घेतली, चीर दिली, तरीही गाठ जात नाही, हेही तितकेच गंभीर लक्षण आहे. या कर्करोगाचे निदान लांबते ते पुष्कळदा ‘सिस्टच आहे’ किंवा ‘गळूच आहे’ असे गृहीत धरल्यामुळे. दुखणे हा मात्र भरवशाचा निकष नाही. गळू भयंकर दुखते, पण ते कर्करोगाचे नसते. कर्करोगाची गाठ सुरुवातीला मुळीच दुखत नाही, असेही घडते.

या जागी आलेली प्रत्येक गाठ बार्थोलिन ग्रंथीचीच असते का?

नाही, आणि उतारवयात तर हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. ‘गाठ आली’ म्हणून येणाऱ्या पुष्कळ वयस्क स्त्रियांना प्रत्यक्षात अंग बाहेर येण्याचा त्रास असतो. ओटीतील स्नायू सैल पडल्याने मूत्राशय, गर्भाशय किंवा गुदाशय योनिमार्गातून खाली उतरतो. हा फुगवटा मध्यभागी असतो, खोकल्यावर किंवा दिवसभर उभे राहिल्यावर वाढतो आणि आडवे पडल्यावर आत जातो. बार्थोलिनची गाठ एका बाजूला असते आणि झोपल्याने जात नाही. एवढा फरक स्त्रीला स्वतःलाही ओळखता येतो.

बाळंतपणात घातलेल्या टाक्यांच्या व्रणात त्वचेच्या पेशी अडकून पुष्कळ वर्षांनी तिथे घट्ट, पांढरट पदार्थाने भरलेली छोटी गाठ होऊ शकते. भगोष्ठांवर, म्हणजे योनिमुखाच्या दोन्ही बाजूंच्या ओठांसारख्या घड्यांवर, तेलग्रंथींच्या बारीक गाठी येतात. लघवीच्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना स्कीन ग्रंथी असतात, त्याही फुगतात. तेव्हा गाठ वरच्या बाजूला असते आणि लघवीची धार तिरपी जाते किंवा अडखळते. पाळी गेल्यानंतर लघवीच्या छिद्राशी लालबुंद, मऊ, सहज रक्त येणारा कोंब दिसतो, त्याला ‘कॅरंकल’ म्हणतात. तो बहुधा निरुपद्रवी असतो, पण त्याचे रक्त पाहून स्त्री घाबरते. हायड्राडेनोमा ही आणखी एक साधी ग्रंथीय गाठ, बहुधा दोन सेंटिमीटरहून लहान. शिवाय चरबीची गाठ, फुगलेल्या निळसर शिरा आणि जांघेतून भगोष्ठात उतरलेला हर्निया यांचाही विचार करावा लागतो.

याखेरीज कातडी पांढरी, पातळ आणि सतत खाजरी झाली असेल तर गाठ नसली तरी दाखवावे. लायकेन स्क्लेरोसस हा तो आजार असू शकतो आणि त्यावर दीर्घकाळ लक्ष ठेवावे लागते.

डॉक्टर तपासतात म्हणजे नेमके काय करतात? मला फार संकोच वाटतो.

संकोच वाटणे साहजिक आहे आणि चांगला डॉक्टर तो ओळखून वागतो. आपण स्त्री डॉक्टर मागू शकता. पुरुष डॉक्टर असतील तर तपासणीच्या वेळी परिचारिका किंवा आपल्या घरातील स्त्री शेजारी असावी, असे स्पष्ट सांगू शकता.

आधी गाठ कधी दिसली, वाढली का, पूर्वी आली होती का, बाळंतपणे कशी झाली, साखर-रक्तदाब आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारले जाते. मग पाय दुमडून पाठीवर झोपवतात. गुडघे दुखत असतील तर तसे सांगावे; कुशीवर झोपूनही बरीच तपासणी होते. डॉक्टर एक बोट योनिमार्गात आणि अंगठा बाहेरून ठेवून गाठ दोहोंच्या मध्ये धरून पाहतात. ती मऊ आहे की भरीव, सरकते की चिकटलेली आहे, हे त्यातून कळते. कधी गुदद्वारातूनही बोटाने तपासतात आणि जांघा दोन्ही बाजूंनी चाचपतात. पाच-सात मिनिटांचे हे काम आहे.

गाठीत द्रव आहे की भरीव भाग, हे सोनोग्राफीत दिसते. गाठ भरीव असेल किंवा खोलवर गेलेली वाटत असेल तर एमआरआय सांगतात. पण यांतील कोणतीही चाचणी तुकड्याच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. सोनोग्राफीच्या कागदावर ‘सिस्ट’ असे छापून आले, एवढ्यावर या वयात थांबणे मला योग्य वाटत नाही. किमान स्त्रीरोगतज्ज्ञाने हाताने तपासून पुढचा निर्णय घ्यावा.

तुकडा काढला की कर्करोग पसरतो, असे म्हणतात. ते खरे आहे का?

हा समज खरा नाही. बायोप्सीमुळे साध्या गाठीचा कर्करोग होत नाही. गाठ कर्करोगाची असेलच, तर नेमका प्रकार कळल्याशिवाय योग्य उपचार ठरवता येत नाहीत. जागा बधिर करून छोटा तुकडा घेतात किंवा गाठ उघडतानाच तिच्या भिंतीचा भाग काढून पाठवतात.

गाठ लहान आहे, दुखत नाही आणि वीस वर्षांपासून तशीच आहे. तरीही दाखवावी का?

एकदा तरी दाखवावी. वर्षानुवर्षे न बदललेली, मऊ, द्रवाने भरलेली छोटी सिस्ट निरुपद्रवी असण्याची शक्यता खूप असते, आणि तपासणीनंतर डॉक्टर तिला हात न लावता काही महिन्यांनी पुन्हा येण्यास सांगू शकतात. कोणाचा तुकडा घ्यावा आणि कोणावर नुसते लक्ष ठेवावे, याबाबत डॉक्टरांमध्येही मतभेद आहेत. पण हा निर्णय तपासणीनंतरचा आहे. न दाखवता घरी घेण्याचा नाही. आणि जुनी गाठ वाढू लागली किंवा टणक झाली, तर ती नवीच गाठ समजावी.

घरच्या घरी काय करता येईल?

सूज आणि ठणका असेल तर कोमट पाण्यात बसण्याचा शेक चांगला. स्वच्छ टबात किंवा पसरट घमेल्यात मांडीला सोसेल इतके कोमट पाणी घेऊन दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटे बसावे. पाण्यात काहीही घालण्याची गरज नाही. पाळी गेल्यानंतर तिथली त्वचा पातळ झालेली असते, जंतुनाशक द्रावणाने तिची आग होते. खाली बसता येत नसेल तर कोमट पाण्यात बुडवून पिळलेले सुती फडके खुर्चीत बसून लावावे, आणि वयस्क स्त्रीला वाफेजवळ किंवा ओल्या मोरीत एकटे बसवू नये. पाय घसरून मांडीचे हाड मोडणे ही गाठीपेक्षा मोठी आपत्ती ठरेल.

गाठ दाबून फोडू नये, सुईने टोचू नये. हळद-चुन्याचा लेप मुरगळलेल्या पायाला लावतात तसा इथे लावू नये. चुन्याने ही त्वचा भाजते. औषधाच्या दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणून दोन दिवस घेणे आणि बरे वाटताच सोडून देणे यानेही नुकसान होते, कारण पू आतच राहतो आणि खरे निदान पुढे ढकलले जाते. गाठ असेपर्यंत सैल, सुती कपडे वापरावेत. नऊवारी नेसणाऱ्या स्त्रियांना काष्ट्याचा घट्ट कपडा नेमका त्याच जागी घासतो. काही दिवस तो टाळला तर लगेच आराम वाटतो.

मला मधुमेह आहे. काही वेगळी काळजी घ्यावी लागेल का?

होय, आणि या उत्तराकडे दुर्लक्ष करू नये. साखर वाढलेली असताना या भागातील साधे गळू आजूबाजूच्या ऊतींमध्ये वेगाने पसरू शकते. क्वचित तिथली कातडी आणि खालचा थर सडवणारा जीवघेणा संसर्ग होतो. ताप, थंडी, गाठीच्या मानाने फारच जास्त वेदना, मांडीकडे किंवा ओटीपोटाकडे सरकणारी लाली, काळसर पडलेली कातडी, भ्रमिष्टासारखे बोलणे, यांतील काहीही दिसले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. वयस्क माणसाला गंभीर संसर्गातही कधी कधी ताप येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

उपचार कोणते असतात?

निरुपद्रवी ठरलेल्या आणि त्रास न देणाऱ्या छोट्या सिस्टला उपचार लागत नाहीत. त्रास देणारी सिस्ट किंवा गळू असेल तर आतला द्रव वा पू बाहेर पडेल आणि पुढेही वाट मोकळी राहील, अशी व्यवस्था करावी लागते. नुसत्या सुईने द्रव ओढून घेतला तर तात्पुरता आराम मिळतो, पण वाट पुन्हा बुजते आणि गाठ पुन्हा भरते.

एका पद्धतीत जागा बधिर करून छोटी चीर देतात आणि टोकाला इवलासा फुगा असलेली बारीक रबरी नळी आत ठेवतात. तिला वर्ड कॅथेटर म्हणतात. दोन-तीन मिलिलिटर पाण्याने फुगवलेला हा फुगा चार ते सहा आठवडे आत राहतो, तोवर स्रावाला नवा मार्ग तयार होतो. दुसऱ्या पद्धतीत सिस्ट उघडून तिच्या कडा बाहेरच्या त्वचेला टाक्यांनी जोडतात, म्हणजे पिशवीचे तोंड उघडे राहते. तिचे नाव मार्सुपियलायझेशन. नेदरलँड्स आणि इंग्लंडमधील १६१ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत वर्षभरात गाठ पुन्हा येण्याचे प्रमाण नळीनंतर १२ टक्के आणि टाक्यांच्या पद्धतीनंतर १० टक्के होते, म्हणजे जवळजवळ सारखेच. उतारवयात यांपैकी काहीही केले तरी त्याच वेळी भिंतीचा तुकडा तपासणीला पाठवावा. तो पाठवणार आहेत ना, हे आपण आधीच विचारावे. असे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

गाठ भरीव असेल, वारंवार येत असेल किंवा शंका मिटत नसेल तर संपूर्ण ग्रंथी काढतात. हे काम शस्त्रक्रियागृहातच करायचे, कारण ग्रंथीला लागून शिरांचे दाट जाळे असते आणि रक्तस्राव बराच होऊ शकतो. हृदयासाठी किंवा पक्षाघातानंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आधी सांगाव्यात, पण स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

ग्रंथी काढल्यावर कोरडेपणा वाढेल का?

या वयात ग्रंथीचे काम आधीच मंदावलेले असते आणि दुसऱ्या बाजूची ग्रंथी शाबूत राहते. पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा प्रामुख्याने इस्ट्रोजेन कमी झाल्याने येतो, त्यावर वेगळे उपचार आहेत. शरीरसंबंधांविषयीचा प्रश्न साठीतही विचारण्यासारखा आहे. तो गिळून टाकू नये.

अहवालात पुष्कळ अवघड शब्द आहेत. कशाला घाबरावे?

‘सिस्ट’, ‘अ‍ॅबसेस’, ‘क्रॉनिक इन्फ्लमेशन’, ‘हायपरप्लासिया’, ‘अ‍ॅडेनोमा’ हे शब्द साध्या आजारांचे आहेत. ‘डिस्प्लासिया’ किंवा ‘अ‍ॅटिपिया’ असा शब्द असेल तर पेशींत बदल आहेत, म्हणून डॉक्टरांशी लवकर बोलावे. ‘कार्सिनोमा’ म्हणजे कर्करोग. तेव्हा स्त्रियांच्या कर्करोगांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाकडेच जावे. अहवाल मात्र कोणताही असो, मूळ कागद जपून ठेवावा. गावाकडून मुंबईला मुलाकडे गेलेल्या आजींची जुनी फाइल गावीच राहते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

आईला काहीतरी त्रास होतो आहे असे दिसते, पण ती सांगत नाही. काय करावे?

ती एका कुशीवर रेलून बसते का, जमिनीवर मांडी घालून बसणे सोडून खुर्ची शोधते का, एसटीचा प्रवास नको म्हणते का, अंतर्वस्त्रे स्वतःच घाईने धुऊन टाकते का, हे पाहावे. चारचौघांत विषय काढू नये. एकांतात सरळ विचारावे : ‘आई, खाली काही दुखतंय का, हाताला काही लागतंय का?’ मुलीला जे सांगता येत नाही ते ती बहिणीला किंवा गावातल्या आशाताईंना सांगेल, तर तसे करावे. ‘इतके दिवस का लपवलंस?’ हे वाक्य मात्र टाळावे. त्यामुळे पुढचा त्रासही ती लपवेल.

उपचारानंतर गाठ पुन्हा आली तर?

निरुपद्रवी गाठही पुन्हा येऊ शकते, त्यामुळे लगेच वाईट निष्कर्ष काढू नये. पण पाळी गेलेल्या स्त्रीला त्याच जागी पुन्हा गाठ आली, तर मागच्या वेळी तुकडा तपासला होता का, हे आधी पाहावे. तपासला नसेल तर या वेळी नुसती चीर देऊन घरी न येता तो तपासून घ्यावा. तपासला असेल तर जुना अहवाल सोबत न्यावा, आणि मागच्या वेळी मऊ असलेली गाठ आता भरीव लागत असेल तर डॉक्टरांच्या हे ध्यानात आवर्जून आणून द्यावे.